पेट्यांचा हप्ता कुणी भरायचा होता

हनीफला मी फोनवर "झालं" म्हणालो, आणि ते झालेलं नव्हतं. मूळ गोष्ट एवढीच आहे. यंदाच्या श्रावणापर्यंत ती मी कुणाजवळही बोललो नव्हतो. बायकोजवळही नाही, आणि तिच्याजवळ तर मी दाढ दुखते तेसुद्धा बोलतो.

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मुरुडच्या एस.टी. स्टँडसमोर सोडा पीत उभा होतो. ते म्हणाले, "विम्याच्या धंद्यातले गमतीचे अनुभव द्या. दिवाळीला लोकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हटलं. समोरच्याला बरं वाटेल ते बोलून मोकळं व्हायची मला सवय आहे. गमतीचे अनुभव आहेतच माझ्याकडे, त्यातले थोडे पुढे येतील. पण लिहायला बसलो की कागदावर पहिल्यांदा पाणी येतं. एक घर दिसतं, त्यात गुडघाभर संथ पाणी, आणि पाण्यावर भजनाच्या उघड्या पेट्या हळूहळू फिरतायत. असं प्रत्यक्षात काही झालं नव्हतं. पाणी वरून आलं होतं, आणि पेट्या जागच्या जागी भिजल्या होत्या. पण मला दिसतं ते असंच दिसतं.

मी जनरल विम्याचा एजंट. माणूस गेल्यावर पैसे मिळतात तो विमा माझ्याकडे नाही. माझ्याकडे मोटरसायकल, होडी, दुकान, घर. वस्तू मोडली, जळाली, भिजली, चोरीला गेली की माझं काम सुरू. आमचं काम दुपारचं, कारण माणसं दुपारी घरी सापडतात. नारळी-पोफळींच्या वाडीतून स्कूटर न्यायची. वरचं ऊन खाली पोचेपर्यंत हिरवं होऊन येतं, आणि कुठल्यातरी मागच्या दारी भांडी घासल्याचा आवाज तेवढा असतो. मग ओटीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि नुकत्याच जेवलेल्या, अर्धवट झोपेतल्या माणसांपुढे आगीबद्दल, वादळाबद्दल, चोरीबद्दल बोलायचं. त्यांना ते स्वप्नात ऐकल्यासारखं वाटत असणार. खरं सांगायचं तर बोलताना मलाही तसंच वाटायचं.

कोळीवाड्यातला एक तांडेल, होडीवरचा म्होरक्या, होता. होडीचा विमा बँकेनं सक्तीचा केला म्हणून आला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "होडी बुडाली तं पैसं मिलतील. नि मी बुडालू तं?"

"तो वेगळा विमा, काका. ती कंपनी वेगळी."

"नि दोगंव बुडालू तं?"

"मग दोन्ही लागतील."

"म्हंजे मरायचं येकदा नि भरायचं दोनदा!" असं म्हणून त्यानं बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितला. सही केली, पण पुढे प्रत्येक वर्षी हप्ता देताना तेच वाक्य मला ऐकवलं.

वाहनाचा विमा पोलिसांच्या भीतीनं निघतो, होडीचा बँकेच्या. राहत्या घराचा विमा काढायला कुणी भीती दाखवत नाही, म्हणून तो सहसा निघत नाही. आणि भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा म्हटलं तर लोक हसतात. "घर दुसऱ्याचं आणि विमा मी काढू?" हे वाक्य मी पालीपासून उरणपर्यंत ऐकलंय. त्यामुळे मला जो प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला गेला तो हाच : भाड्याच्या घरात विम्याचा हप्ता कुणी भरायचा, मालकानं की भाडेकरूनं?

उरणला एका माणसानं शेतात खोल्यांची चाळ बांधली होती. बंदरावरचे ट्रेलर ड्रायव्हर तिथे राहायचे. मालकाचं म्हणणं, राहतात ते, तर इमारतीचा विमाही त्यांनीच भरायचा. त्यानं मला ड्रायव्हरांच्या पुढ्यात उभं केलं. त्यातला एक जण दाढी करता करता म्हणाला, "सेठ, पैसा देता हूँ. पर जाते टाइम ये दीवार निकाल के गाँव ले जाऊँगा, चलेगा?" मालक मला म्हणाला, "बघा, कसे बोलतात." मी म्हटलं, "बरोबर बोलतात."

दुसरीकडे, अलिबागच्या अलीकडे, एका भाडेकरू बाईंचा टीव्ही विजेनं गेला. त्या मालकाकडे भरपाई मागत होत्या, कारण वीज त्याच्या छपरावरून आत आली. मालक म्हातारा होता, त्यानं शांतपणे विचारलं, "छप्पर माझं, टीव्ही तुमचा, पण बाई, वीज कुणाची ते आधी ठरवा."

त्यानंतर मी समजवायची एक सोपी रीत केली. भाडेकरू घर सोडतो त्या दिवशी टेम्पोत जे चढतं ते त्याचं. टेम्पो गेल्यावर मागं जे उरतं ते मालकाचं. भिंती, छप्पर, दारं, जमिनीतली फरशी यांचा हप्ता मालकानं भरावा. कपाट, फ्रिज, शिलाई मशीन, पोरांची पुस्तकं यांचा भाडेकरूनं. मालकाच्या पॉलिसीत भाडेकरूचं सामान येत नाही, कितीही जिव्हाळा असला तरी येत नाही. आता मालकाला भाडेकरूच्या सामानाचाही हप्ता भरायचाच असेल तर कायदा आड येत नाही. पण ती पॉलिसी भाडेकरूच्या नावावर निघते आणि अर्जावर त्याची सही लागते. ही रीत ऐकून लोक माना डोलवायचे, आणि मला आपण फार उपयोगी माणूस आहोत असं वाटायचं.

माझं आणखी एक काम होतं, बिनपगारी. आमच्याकडे घरटी कुणीतरी आखातात आहे. घरं इथे, मालक तिकडे. भाडेकरू आणि मालक यांनी पैशाचं समोरासमोर बोलायचं नाही अशी आमच्याकडची जुनी पद्धत. समोर आले की तब्येत विचारायची, मुलं विचारायची, आंब्याचं विचारायचं. पैशाचं बोलायला मधला माणूस असतो. तीन-चार घरांचा मधला माणूस मी होतो. भाडं घ्यायचं, बँकेत टाकायचं, नळ गळतोय ते कळवायचं. या कामात एक कसब लागतं. इकडचं बोलणं तिकडे नेताना त्याचे काटे काढायचे. मालक म्हणतो, "त्याला सांग, भिंतीला आणखी एक खिळा मारला तर बाहेर काढीन." आपण सांगायचं, "खिळ्याचं जरा जपा, जुनी भिंत आहे." भाडेकरू म्हणतो, "कंजूष माणूस आहे." आपण सांगायचं, "रंगाचं बघाल म्हणत होते." हे मला फार चांगलं जमायचं. दोन्हीकडे चहा मिळायचा.

त्यातलं एक घर हनीफचं.

हनीफ आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो कुवेतला गेला. समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत त्याचं कौलारू घर. मागचा अर्धा भाग त्यांनी स्वतःसाठी ठेवलेला, पुढच्या अर्ध्यात दत्तारामबुवा भाड्यानं राहायचे, हनीफच्या वडिलांच्या काळापासून. बुवा भजनं म्हणायचे, पण त्यांचा खरा धंदा पेट्या दुरुस्त करण्याचा. सबंध किनाऱ्यावरच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. पावसाळी हवेत भात्याचं चामडं सैल पडतं, म्हणून उन्हाळा संपायच्या आत पेट्या उघडून, साफ करून, सूर लावून ठेवायच्या. मे महिन्यात त्यांच्या पुढच्या खोलीत चालायला जागा नसे. पितळी सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या जिभा, काढून पंच्यावर ओळीनं मांडलेले. बुवा त्यातला एक उचलत, कानशीनं अगदी जीव जाईल इतकं हळू घासत, पेटीत बसवून भाता दाबत, ऐकत, पुन्हा काढत. एकच सूर तासभर. मी तिथे भाडं न्यायला जायचो आणि खांबाला टेकून डोळे मिटायचो. उठून जावंसं वाटायचं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात हनीफ सुट्टीवर आला होता. मी त्याच्या घराचा विमा काढत होतो. छप्पर, भिंती, सगळं. त्यानं सही केली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वश्या, बुवांच्या सामानाचा पण काढ. त्या पेट्यांचा."

"तो त्यांनी काढायचा असतो."

"ठाऊक आहे रे तुझं टेम्पोचं पुराण. पैसे माझे. तू नुसती त्यांची सही घे." मग थोडा वेळ तो भिंतीकडे बघत बसला. त्या भिंतीपलीकडे बुवा होते. "अम्मी शेवटी झोपेच्या गोळ्या घ्यायची. गोळीनं काही व्हायचं नाही. पलीकडनं बुवा एक सूर धरून ठेवायचे ना, त्यावर तिचा डोळा लागायचा. बुवांना हे माहीत पण नाही. त्यांना वाटतं, आपल्या आवाजाचा म्हातारीला त्रास होतो. सारखी माफी मागायचे."

दुसऱ्या आठवड्यात तो कुवेतला परतला आणि मी अर्ज घेऊन बुवांकडे गेलो. दुरुस्तीला आलेल्या परक्याच्या वस्तू अर्जात वेगळ्या दाखवाव्या लागतात. कुठल्या मंडळाची कुठली पेटी ते मी बुवांना विचारू लागलो. बुवांनी कानस खाली ठेवली.

"हप्ता कोण भरतोय?"

"हनीफ म्हणतोय तो भरेल."

बुवांनी एक सूर उचलून पुन्हा ओळीत ठेवला. मग म्हणाले, "वसंता, त्याच्या बापानं भाडं वाढवलं न्हाय. आईनं वाढवलं न्हाय. हा पण वाढवत न्हाय. आता माझ्या पेट्यांचा हप्ता पण त्यानंच भरायचा? मी भाडेकरू हाय रे त्याचा, पोसलेला न्हाय."

"तसं नाही बुवा, त्याला आपलं मनापासून—"

"मनापासून हाय म्हणूनच म्हणतो. पेट्या माझ्या जिम्म्यावर हायत. हप्ता मी भरणार. गणपतीची भजनं होऊ देत, हातात चार पैसे येतील, तवा ये. नि हनीफला सांग, म्हणावं बुवा नको म्हणाला, राग मानू नको. अस्संच सांग. तुझं साखर लावून न्हाय."

अर्ज मी पिशवीत घातला. स्कूटरवरून वाडीतून येताना मी विचार करत होतो. हनीफला हे सांगितलं तर त्याला लागेल. तो पुन्हा आग्रह धरेल, मला पुन्हा पाठवेल. बुवा पुन्हा नाही म्हणतील. दोघं एकमेकांबद्दल इतकं चांगलं बोलत होते, आणि मधे मी घामाघूम. गणपती काही फार लांब नव्हते. तेव्हा बुवांचा हप्ता भरून घेऊ, पॉलिसी निघेल, हनीफच्या दृष्टीनं काय फरक पडतो? पॉलिसी निघाल्याशी कारण.

दोन-तीन दिवसांत त्याचा फोन आला. "वश्या, बुवांचं झालं का?"

"झालं."

"काही कुरकुर?"

"नाही रे. खूश झाले."

"किती पाठवू?"

"भाड्यातून वळते करून घेतो," मी म्हटलं. वळते केले नाहीत. तेवढा एक प्रामाणिकपणा मी राखला, आणि पुढे कितीतरी दिवस त्याच्यावरच समाधान मानलं.

माझ्या सगळ्या आयुष्यात हप्ता कुणी भरायचा यावरून भांडणारी माणसं मी पाहिली. ही दोनच अशी भेटली की दोघांनाही भरायचा होता. म्हणून कुणाचाच भरला गेला नाही.

वादळाबद्दल मी काय लिहू. या किनाऱ्यावर प्रत्येकाजवळ त्याचं स्वतःचं वादळ आहे. ते गणपतीच्या कितीतरी आधी, दिवसाढवळ्या आलं आणि तरी आता आठवताना मला त्यात उजेड दिसत नाही. एक करडा, फिरणारा रंग आठवतो. आणि ते थांबल्यावर पडलेली शांतता, ज्यात कुठे पानच उरलं नव्हतं सळसळायला. आडव्या पडलेल्या पोफळींवरून पाय टाकत मी हनीफच्या गल्लीत गेलो. पुढच्या अर्ध्या घरावर एकही कौल उरलं नव्हतं. पाऊस सरळ आत पडत होता, अंगणात पडतो तसा. ताडपत्री अख्ख्या गावात मिळत नव्हती. पुढे कितीतरी दिवस मिळाली नाही.

बुवा पेट्यांच्या मधे पाटावर बसले होते, डोक्यावर पोतं. मला पाहून त्यांनी जवळच्या पेटीचा भाता दाबला. जो आवाज आला तो सुराचा नव्हता. झोपेत कुणी कुशीवर वळताना निघतो तसा होता. पट्ट्यांच्या फटींतून पाणी आलं.

पुढे सर्व्हेअर आले. त्यांनी छपराचे फोटो काढले, भिंतींचे काढले. मग आत बघून म्हणाले, "या हार्मोनियम? यांचं काही आहे का?"

मी बोलण्याच्या आत बुवा म्हणाले, "न्हाय साहेब. ह्यो बिचारा सांगत होता. मीच गणपतीवर ढकललं. चूक माझी."

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. तिथे मला बोलता आलं असतं. मी सर्व्हेअरना घराची मागची बाजू दाखवायला घेऊन गेलो.

मोबाइलला रेंज यायला बरेच दिवस लागले. आल्यावर पहिला फोन हनीफचा. घराचं त्यानं धड विचारलंही नाही. "बुवा ठीक ना? पेट्या गेल्या म्हणे. त्यांचं मिळेल ना रे?"

"मिळेल."

आणि नंतर, महिन्या-दोन महिन्यांनी : "मिळालं का बुवांना?"

"मिळालं."

"अल्हमदुलिल्लाह. मी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवले होते, म्हटलं विम्यात काही खोट निघाली तर असावेत. आता जमातीच्या मशिदीच्या छपराला देऊन टाकतो."

त्यानं ते दिले. म्हणजे विमा नव्हता तरी बुवांना मदत मिळणार होती. ती माझ्या एका शब्दानं दुसऱ्या छपराला गेली. हे मला तेव्हाच, फोन कानाला असतानाच समजलं होतं. मी म्हटलं, "चांगलं केलंस."

छपराचे पैसे आले, नवी कौलं चढली. बुवांनी सूर उन्हात वाळवले, पण पितळ हिरवं पडत गेलं आणि लाकूड फुगून सांधे सुटले. काही पेट्या त्यांच्या स्वतःच्या, बाकी सगळ्या मंडळांच्या. ते एकेका मंडळाकडे चालत गेले आणि सांगून आले, "माझ्या हातून गेली तुमची पेटी." कुणी भांडलं नाही. फक्त पुढच्या उन्हाळ्यात कुणी पेटी आणली नाही. लोक अलिबागला न्यायला लागले. बुवा रिकाम्या खोलीत कानस घेऊन बसलेले दिसत. मग एके दिवशी त्यांची मुलगी मंगल उरणहून टेम्पो घेऊन आली. टेम्पोत चढवायला फार काही नव्हतं. जाताना बुवा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू सांगितलंस तवा ऐकायला हवं होतं रे."

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते मला नीट सांगता येत नाही. धंदा बरा चालला. वादळानंतर घराचा विमा काढा म्हणून सांगावं लागेना. दुपारी मी एखाद्या ओटीवर बसून बोलत असायचो आणि मधेच कुठून तरी एक सूर ऐकू यायचा, लांब धरून ठेवलेला. बोलता बोलता मी थांबायचो. समोरचा म्हणायचा, "काय झालं?" कधी तो पंपाचा आवाज असायचा, कधी खाडीत निघालेल्या होडीचा. कधी काहीच नसायचं. बायको म्हणायची, "तुम्ही हल्ली असता कुठे?" मी म्हणायचो, "इथेच."

यंदा हनीफ कायमचा परत आला. पुढचा अर्धा भाग भाड्यानं द्यायचं त्यानं ठरवलं. एक तरुण जोडपं आलं. नवरा एका लॉजवर मॅनेजर, बायको शाळेत शिक्षिका. करारावर सह्या करायला आम्ही ओटीवर बसलो होतो. शिक्षिका मुलगी हुशार होती. तिनं मला विचारलं, "काका, एक सांगा, आमच्या सामानाच्या विम्याचा हप्ता आम्ही भरायचा की मालकांनी?"

मी तोंड उघडायच्या आत हनीफच हसत म्हणाला, "ह्याला विचारू नका, टेम्पोचं पुराण लावील. नियमानं तुम्ही भरायचा. पण आमच्याकडे आधीचे बुवा होते, त्यांचा मी भरला होता. वादळात सगळे पैसे मिळाले त्यांना. ह्यानंच मिळवून दिले."

मुलगी माझ्याकडे आदरानं बघायला लागली.

ती दोघं गेल्यावर हनीफ कौलांकडे बघत म्हणाला, "वश्या, एक विचारू? परवा कोळीवाड्यात गेलो होतो. तिथली हिराबाई म्हणाली, त्यांच्या मंडळाच्या पेटीचं काहीच मिळालं नाही कधी. बुवांनी दिलं नसेल का रे पुढे?" मी कराराचे कागद गोळा करू लागलो. तोच पुढे म्हणाला, "जाऊ दे. अडचणीत असतील. मी कधी फोन पण केला नाही त्यांना, म्हटलं हप्त्याचे आभार मानत बसतील, उगाच त्यांना लाज वाटेल. अम्मीला झोपवलं त्यांनी, मी काय बोलणार."

दुसऱ्या दिवशी मी रेवसला जाऊन करंजाची लाँच पकडली. श्रावणातल्या पावसात समोरचं काही दिसत नव्हतं. पाणी आणि आभाळ एकाच ओल्या रंगाचे, आणि लाँच पुढे जातेय की उभी आहे ते कळेना. मला वाटलं, ही अशीच चालू राहिली तर बरं, किनारा यायलाच नको. मग धुक्यातून बंदरावरच्या क्रेन वर आल्या.

मंगलची खोली हमरस्त्याच्या कडेला होती. ट्रेलर गेला की खिडकीची काच थरथरायची. बुवा कॉटवर बसले होते, खूप बारीक झालेले. खोलीत पेटी नव्हती.

"वसंता! ये, ये. मंगल, बघ कोण आलंय. मुरुडचा हाय." मला त्यांनी जवळ बसवलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुझं ऐकलं असतं तर..."

मी त्यांना मधेच थांबवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्या "झालं"पासून कालच्या ओटीवरच्या बोलण्यापर्यंत. साखर लावली नाही. मंगल चहाचा ट्रे धरून दारात उभी राहिली.

मला वाटलं होतं ते पैशाचं बोलतील. त्यांनी विचारलं, "मी नको म्हटलं, ते हनीफला तू सांगितलंसच न्हाय?"

"नाही."

"म्हंजे त्याला वाटतं मी त्याच्या पैशाचा हप्ता घेतला."

"हो."

"नि भरपाई पण घेतली."

"हो."

"नि मंडळांच्या पेट्यांचे पैसे खाल्ले." ते हे हळू म्हणाले, ऐकून बघत असल्यासारखं. बाहेरून एक ट्रेलर गेला. काच थांबेपर्यंत ते थांबले. "मी आपला एवढी वर्षं म्हणत होतो, हनीफ मला फोन का करत न्हाय. मला वाटलं, पेट्या बुडवल्या म्हणून रागावला आसंल. आता कळलं."

"बुवा, मी—"

"उठ तू. चहा मागनं. आधी उठ."

मंगल म्हणाली, "बाबा, असू दे, लांबून आलेत."

"लांबून आलाय तो त्याच्या पायानं आलाय." मग माझ्याकडे न बघता ते बोलले. "पैशाचं काय, गेले ते गेले. पण मी घेतलं म्हणून तू जे सांगितलंस ते मी घेतलेलं न्हाय. मंडळांकडे जा. एकेकाच्या दारात जाऊन सांग, मी गेलो होतो तसा. नि हनीफला तू सांग. मी न्हाय सांगणार. मी सांगितलं तर भांडायला आलो असं होईल."

"सांगतो."

"तुझं सांगणं मला म्हाईत हाय," बुवा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मंगल मला खालपर्यंत सोडायला आली. तिनं एकच वाक्य टाकलं : "बाबा कानात कापूस घालून बसतात, वसंतकाका. ट्रेलरचा आवाज बेसूर लागतो म्हणतात."

मी मंडळांकडे गेलो. सगळ्यांकडे. एका ठिकाणी मला बसायला सांगितलं नाही, ते बरंच झालं. कोळीवाड्यात हिराबाई मासे वाळत घालत होती. तिच्या सासऱ्यांनी घेतलेली पेटी त्यात गेली होती. ऐकून ती तशीच वाकून काम करत राहिली. मग म्हणाली, "आमी बुवाला कदी बोललू नाय. पण दुसरी पेटी घेतली, ती काय त्याचेकडं दिली नाय. ते बी बोलनंच झालं ना?" आणि थोड्या वेळानं, "तू आता आलास. आदी आला असतास तं बुवा इतं असता."



हनीफच्या गल्लीत मी बऱ्याचदा जाऊन आलोय. तो ओटीवर असतो. मला बघून हाक मारतो, "वश्या, ये, सरबत घे." मी सरबत घेतो. तब्येत विचारतो, मुलं विचारतो. आत नव्या भाडेकरूंचा रेडिओ चालू असतो. समुद्राकडून वारा येतो, नवी कौलं कुरकुरतात, दुपार मऊ होत जाते, आणि मला वाटतं, आत्ता नको, आत्ता किती छान चाललंय.

हनीफ हा अंक दर वर्षी घेतो. कुवेतलाही मागवून घ्यायचा. तो छापून यायच्या आत मला त्याच्याकडे गेलं पाहिजे, कारण हे त्याला कागदावर कळलं तर ती माझी आणखी एक पळवाट होईल.

भिजलेल्या पेट्यांचं जे काही होईल ते मी बुवांना देणं लागतो, आणि ते मी हळूहळू का होईना देईन. हनीफला मी एवढंच देणं लागतो, की त्याच्या ओटीवर बसून म्हणायचं : बुवांनी तुझे पैसे नाकारले होते, त्यांना काहीही मिळालं नाही, आणि मी तुझ्याशी खोटं बोललो. आज हे लिहून संपवेपर्यंत मी ते म्हटलेलं नाही.